सागाचं कपाट

तलासरीत माझं सुतारकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेडच. डहाणूत कुणी जुना बंगला पाडला, की मी त्याच्या तुळया, चौकटी उचलून आणायचो. नवीन झाड कशाला तोडायचं? उपटलेले खिळे ठोकून सरळ करायचे, ढलप्या चुलीत घालायच्या. बायको म्हणायची, "तुम्ही भंगारवालेच व्हायचे, चुकून सुतार झालात."

त्यातला उत्तम साग मी मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवला होता. २०१५ साली तिचं घोलवडला जमलं, तेव्हा त्याचं कपाट केलं. बाहेरून पॉलिश, आतून मुद्दाम कोरं. कोऱ्या सागाचा वास कपड्यांना लागतो, तो मला आवडतो.

दिवाळीला गेलो, तर तिच्या खोलीत वापीहून आणलेलं चकचकीत रेडिमेड कपाट. माझं चिकूच्या शेडमध्ये, आत फवारणीच्या औषधाचे डबे. विहीणबाई हसून म्हणाल्या, "तुमचं मजबूत आहे ना, तिथं कामाला येतं." चहा अर्धा ठेवून उठलो. त्यानंतर मी त्या बाईशी कधी धड बोललो नाही. मनात मात्र शिव्या घालत राहिलो.

दोन पावसाळ्यांत रेडिमेड फुगलं, दार निखळलं. मुलीचा फोन आला, "बाबा, जरा येऊन बघा ना." गेलो. स्क्रू बसवणार कशात? फळीचा चहात भिजलेल्या बिस्किटासारखा लगदा झालेला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, टाक हे, आपलं आत घेऊ.

डबे काढले. घासलं, उन्हात ठेवलं, आतून रंधाही मारला. वास काही जाईना. कोरं लाकूड औषध पिऊन बसलं होतं. त्यात नातवाची झबली कशी ठेवणार?

मग माझा तोल गेला. "पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. तुझ्या सासूला लाकडातलं काय कळतं?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "आईंना नका बोलू, बाबा. त्या नकोच म्हणत होत्या. मीच शेडमध्ये ठेवायला लावलं. त्याला आरसा नव्हता."

आपलेच दात, आपलेच ओठ. तेवढ्यात विहीणबाई चहा घेऊन आल्या, साखर बेताची आहे म्हणाल्या. त्यांच्याकडे बघवेना.

आरसा मी एका दुपारी बसवून दिला असता. मागायचा तरी.