आज कोणाबरोबर, मावशी?

परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पोराला वाटतं, जगात आपल्याइतकं घाबरलेलं दुसरं कोणी नाही. साथमावशींना ठाऊक होतं, की त्याच्याहून घाबरलेली त्याची आई असते आणि ती बाहेर बाकावर बसलेली असते. म्हणून त्या आधी आईला पाणी द्यायच्या, मग पोराला, आणि मग पियानोसमोरच्या खुर्चीची उंची नीट करून बसायच्या.

साथमावशी हे काही त्यांचं नाव नव्हे. खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. संगीताच्या ग्रेड परीक्षेत व्हायोलिन, बासरी किंवा गाणं घेऊन बसायचं तर पियानोवर साथीला कोणीतरी लागतं. गावातल्या झाडून साऱ्या शिक्षकांना त्यासाठी एकच माणूस आठवायचं. पोराने घाबरून एक ओळ गाळली, की मावशींनी त्याच क्षणी पुढे उडी मारलीच समजा. पोराने तीच ओळ दुसऱ्यांदा घेतली, तर मावशीही बिनतक्रार माघारी. पोर पडलं तरी नाक वरच दिसावं, अशी त्यांची साथ होती.

परीक्षेच्या खोलीबाहेर टेबल टाकून एक कारकून बसायचे. आज कोण आत जाणार याची यादी त्यांच्याकडे असे. मावशी दिसल्या, की त्यांचा ठरलेला प्रश्न: "आज कोणाबरोबर, मावशी?"

"बासरीबरोबर."

"आणि आज?" पुढच्या खेपेला.

"त्या रडक्या व्हायोलिनबरोबर. रुमाल आहे ना तुमच्याकडे?"

वाजवायच्या तीन रचना झाल्या, की साथीदाराचं काम संपतं. सुरावली म्हणून दाखवायची, कधी न पाहिलेला कागद समोर आला की तो वाचून वाजवायचा, ही पुढची लढाई परीक्षार्थ्याने एकट्याने लढायची. तेव्हा तिसरी रचना संपली, की मावशी उठायच्या, मान लववायच्या, कागद गोळा करायच्या आणि पोराच्या कानाशी "छान केलंस हं" असं पुटपुटून खोलीबाहेर पडायच्या. पोराने माती खाल्ली असली तरीही "छान केलंस"च. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

आता एवढी धडपड कशासाठी, असं कोणी विचारेल. तर वरच्या ग्रेडचे गुण विद्यापीठाच्या प्रवेशात धरतात! शाळेच्या शेवटच्या परीक्षेत थोडं कमी पडलं, तर सगळ्यात वरची, आठवी ग्रेड ते भरून काढते. नुसते पास झालात तर थोडे गुण, प्रावीण्य मिळालं तर जास्त, विशेष प्रावीण्य मिळालं तर त्याहून जास्त. पोरांना दामटून वाद्यासमोर बसवणारे सगळे आईबाप सुरांच्या ओढीने बसवतात असं ज्याला वाटतं, त्याच्या भाबडेपणाला माझा नमस्कार. मावशींना मात्र त्यात काही वावगं वाटायचं नाही. "गुणांसाठी का होईना, वाजवतंय ना? हलवायाच्या घरी रोज जाणारा कधीतरी गोड खाणारच," असं त्या म्हणायच्या.

त्यांची स्वतःची ओढ निराळीच होती. त्यांना दगडांचं वेड होतं. नदीकाठचे, रस्त्याच्या खोदकामातले, कोणाच्या घराचा पाया खणताना निघालेले दगड त्या उचलून आणायच्या, धुवायच्या आणि पियानोवर मांडून ठेवायच्या. डावीकडचा एक खोल सूर वाजला, की त्यातला एक चपटा दगड टर्रर्र करायचा. त्यांचे यजमान चष्म्याचं दुकान चालवत. ते म्हणायचे, "लोकांच्या डोक्यात दगड असतात, हिच्या घरात आहेत. तेवढाच फरक."

अठराव्या वर्षी मावशींना भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. गुण थोडे कमी पडले. मग साथीची कामं मिळत गेली, लग्न झालं, लेक झाली, आणि ते मागे पडलं ते पडलंच. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत. पण कोणी विषय काढला, की "थोडक्यासाठी राहिलं" एवढं म्हणून दुसरंच काहीतरी बोलायला लागायच्या.

यंदा लेकीच्या प्रवेशाची वेळ आली. जेवणाच्या टेबलावर लेक स्वतःच्या गुणांची बेरीज करत बसली होती. अचानक तिने मान वर केली.

"आई, तुझी आठवी कुठेय?"

"कसली आठवी?"

"ग्रेड गं! किती जणांना आठवी पार करून दिलीस. तुझी स्वतःची कधी झाली?"

मावशी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "झालीच नाही की! पाचवीनंतर दुसऱ्यांबरोबरच जायला लागले. स्वतःची द्यायला सवड कोणाला होती?"

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," यजमान म्हणाले.

लेक मात्र गंभीर होती. शाळेचे जुने गुण अजूनही धरतात, तिने चौकशी केली होती. आठवी ग्रेड प्रावीण्याने मिळवली, तर भूगर्भशास्त्राला आईचा प्रवेश होत होता. नुसतं पास होऊन भागणार नव्हतं.

मावशी खो खो हसल्या. "दगड शिकायला जायचं, ते पियानो वाजवून! उद्या पोहायला शिकायचं तर शिवणाची परीक्षा द्यायला सांगशील." एवढं बोलून त्या पुन्हा हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. त्या थांबल्या तेव्हा यजमानांच्या ध्यानात आलं, की हे प्रकरण आता थट्टेचं राहिलं नाही.

सराव सुरू झाला. बोटं तयार होती, कागद पाठ होते, पण काहीतरी बिनसत होतं. यजमान दाराशी उभे राहून लक्ष देऊन ऐकायचे. शेवटी एकदा त्यांनी भीतभीत विचारलं, "छान वाजवतेस. पण गाणारा कधी यायचाय?"

मावशी चिडल्या. "अहो, गाणारा कशाला यायला हवा? एकटीचं वाजवणं आहे हे!"

"मग तू त्याची वाट का बघतेयस?"

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. मावशी प्रत्येक ओळीच्या तोंडाशी किंचित थबकत होत्या, समोरचं पोर श्वास घेईल म्हणून. मुख्य सूर हळू आणि आधाराचे सूर पक्के लागत होते. साऱ्या जन्माची सवय, ती अशी सरळ मोडते होय! त्यांनी पियानोचं झाकण लावलं. "नाही जमायचं. मला पुढे होताच येत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

लेक शेजारी येऊन बसली. "पुढे होऊच नकोस. उजवा हात म्हणजे एक घाबरट पोर आहे असं समज. त्याची परीक्षा आहे. तू आपली डावीकडून त्याला साथ कर."

मावशींनी तिच्याकडे बघितलं. झाकण उघडलं. उजव्या हाताकडे बघून त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस, मी आहे." आणि वाजवायला लागल्या. उजवा हात असा काही मोकळा सुटला आणि डाव्याने खोल सूर असे घुमवले, की चपटा दगड टरटरत कडेपर्यंत सरकला आणि यजमानांच्या पायावर पडला. ते कळवळले, पण टाळ्या वाजवायच्या काही थांबले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी टेबलाशी कारकूनकाका होतेच. "आज कोणाबरोबर, मावशी?"

"आज... मीच आहे."

काकांनी यादीवरून बोट फिरवलं, ते विजेच्या बिलावरच्या नावाशी थांबलं. "असं नाव आहे होय तुमचं!" म्हणून त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. अर्धा मावशींनी घेतला, उरलेला लेकीला दिला. लेक मावशींपेक्षा जास्त घाबरली होती.

आत परीक्षक बाई पेन्सिल कानावर खोचून बसल्या होत्या. पहिली रचना सुरळीत गेली. दुसरीत उजव्या हाताने घाबरून एक अख्खी ओळ गाळली. डावा हात त्याच्या आधीच तिथे जाऊन उभा! अशा किती पोरांना त्याने वाटेत गाठलं होतं, त्याला काय त्याचं? परीक्षक बाईंनी भुवई वर केली, पण पेन्सिल काही कानावरून काढली नाही. तिसरी रचना तर मावशींनी अशी वाजवली, की त्यांनाच वाटलं, हे पोर नाव काढणार.

मग त्या उठल्या. मान लववली. कागद गोळा केले. "छान केलंस हं," असं पुटपुटल्या आणि खोलीबाहेर पडल्या.

लेक बाकावरून उडालीच. "झालं? इतक्यात?"

"झालं!" मावशींचा चेहरा फुलला होता.

"आणि सुरावली? न पाहिलेला कागद? ते सगळं विचारलं त्यांनी?"

मावशींचा हात आपसूक कपाळावर गेला. त्या दाराकडे धावल्या, पण काका वाटेत उभे राहिले. बिचारे रडकुंडीला आले होते. "मावशी, नियम आहे. परीक्षार्थी मध्येच बाहेर पडला, की त्याची परीक्षा संपली. मी काय करू, सांगा?"

मावशींना अठरावं वर्ष आठवलं. पुन्हा थोडक्यासाठी, आणि या खेपेला दोष द्यायलाही दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. परीक्षक बाईंनी डोकं बाहेर काढलं. "अहो, किती वेळ वाट बघू? परीक्षार्थी कुठे आहेत?"

"त्या बाहेर पडल्या, बाई," काका हळूच म्हणाले. "नियमाप्रमाणे आता..."

"बाहेर साथीदार पडल्या," परीक्षक बाई म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मान लववली, कागद उचलले, नेहमीसारख्या गेल्या. साथीदाराने जायला नियमाची हरकत नाही. आता परीक्षार्थींना आत पाठवा."

काका इतक्या चटकन बाजूला झाले, की त्यांचं टेबल सरकलं.

पुढचं सांगण्यात फार अर्थ नाही. न पाहिलेला कागद वाचणं म्हणजे मावशींचं रोजचं पोटापाण्याचं काम. आयत्या वेळी चुरगळलेले कागद आणणाऱ्या पोरांनी त्यांना त्यात तरबेज करून सोडलं होतं. सगळं आटोपल्यावरही त्या खुर्चीला चिकटून राहिल्या, तेव्हा परीक्षक बाईंना हसू आवरेना. "आता जा. आता खरंच झालं."

निकालात प्रावीण्य होतं. विशेष नव्हे, साधंच. पण तेवढंच हवं होतं, आणि तेवढं मिळाल्यावर मावशींनी यजमानांना भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर मिठी मारली. डोळे तपासायला बसलेल्या आजोबांना सगळ्यात खालची ओळ वाचता येत नव्हती, पण ती मिठी त्यांना स्पष्ट दिसली.

मायलेकी एकाच दिवशी विद्यापीठात गेल्या. लेक तिच्या इमारतीकडे वळली आणि मावशी भूगर्भशास्त्राच्या वर्गाशी आल्या. दारात नव्या मुलांना जागा दाखवणारी मुलगी त्यांना बघून ओरडलीच, "अय्या, साथमावशी!" मावशींनी पूर्वी साथ केलेली ती एक गाणारी मुलगी. परीक्षेत दुसरं कडवं विसरली होती आणि मावशींनी तिला तिसऱ्यात सुखरूप पोचवलं होतं. "तुम्ही इथे? आज कोणाबरोबर?"

मावशींनी सवयीने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"कोणाबरोबर नाही गं," त्या म्हणाल्या. "आज माझंच आहे."

त्या आत गेल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. पिशवीतून चपटा दगड काढून त्यांनी वहीवर ठेवला. तास कसा सरला ते कळलंही नाही. सर निघून गेले, मुलं भराभर उठली, वर्ग रिकामा झाला. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. न जाणो, अजून काही राहिलं असेल!