शटर वरच राहील

आमच्या दादाकडे केस कापायला गेलात तर आधी हसूच येईल. सांगितल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला बोट लावत नाही. "मानेला हात लावतो हं." "आता कानामागे वस्तरा येतोय." समोरचा सायकलवाला त्याची हुबेहूब नक्कल करतो. करू दे. मी दादाची धाकटी बहीण, मला कारण माहीत आहे. दादा आठ वर्षांचा असताना आत्याच्या नवऱ्याने माळ्यावरच्या खोलीत कडी लावून त्याच्यावर अत्याचार केला. एकदा नव्हे, दोन वर्षं. चाळिशी उलटल्यावर दादाने हे घरात सांगितलं. थोरले काका म्हणाले, "पुरुषासारखा पुरुष तू, आता उकरून काय काढतोस?" जणू पुरुष मिशीसकटच जन्माला येतो.

दादाने उकरलंच. विश्वासातल्या एकदोघा गिऱ्हाइकांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. सोमवारी दुकान बंद असायचं. त्या दिवशी असंच सोसलेले पुरुष त्याच्याकडे यायला लागले. कुणी गवंडी, कुणी बँकेतले साहेब. पहिल्या सोमवारी दादाने आडोसा म्हणून शटर खाली ओढलं, तर एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर घामाघूम होऊन शटरखालून सरपटत बाहेर पळाला. बंद दारामागेच तर सगळं झालं होतं, आणि दादालाच ते सुचू नये. त्याने स्वतःला शिव्या घातल्या. तेव्हापासून सोमवारीही शटर पूर्ण वर. ड्रायव्हर परत आला, पण आत नाही, बाहेर पायरीवर बसायचा. केस खांद्यापर्यंत वाढलेले, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

आतलं बोलणं रस्त्यावर ऐकू जायचं. होता होता ते आत्याच्या घरी पोचलं आणि पुढच्याच सोमवारी काका दुकानात हजर झाले. जागा त्यांच्या नावावर होती.

"घराण्याची अब्रू वेशीवर टांगलीस," ते म्हणाले. "करायचंच असेल तर शटर ओढून कर. नाहीतर किल्ली दे."

"इतकी वर्षं ओढलेलंच होतं, काका." दादाने किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "जागा तुमची. खुर्ची माझी."

जमवलेलं दुकान गेलं. तरी खरं सांगते, माझा ऊर भरून आला.

पुढच्या सोमवारी दादाने त्याच बंद शटरसमोर फुटपाथवर खुर्ची मांडली आणि आरसा विजेच्या खांबाला टांगला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. बघू देत, म्हटलं. माणसं जमली. ड्रायव्हर आला, पायरीशी घुटमळला आणि सरळ खुर्चीत जाऊन बसला.

"मानेला हात लावू?" दादाने विचारलं.

ड्रायव्हरने मानेवरचे केस स्वतःच बाजूला केले. "लाव."

कात्री चालू झाली. चार बटा खाली पडल्या असतील, तेवढ्यात तो बोलायला लागला. रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.

"मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या शिकवणीचे सर दार लावून घ्यायचे."

समोरच्या सायकलवाल्याने हातातला पंप खाली ठेवला आणि रेडिओ बंद केला. दादाची कात्री थांबली नाही.