काशिनाथचा फॉर्म आणि आमचा पगार

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही हो. घरात कसा एक डबा असतो, त्यात कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चाव्या जमत जातात, आणि टाकवतही नाहीत. माझं तसंच झालंय. डहाणूकडच्या एका सरकारी ऑफिसात (कुठलं ते विचारू नका, मला अजून पेन्शन घ्यायची आहे!) मी आस्थापना बघायचे. म्हणजे कोणाची रजा, कोणाची वेतनवाढ, कोणाचं सर्व्हिस बुक, सगळं माझ्या टेबलावर. एवढ्या वर्षांत डबा भरला. पण त्यातल्या सगळ्यात जास्त चाव्या एकाच उन्हाळ्यातल्या आहेत.

पालघर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. वरून परिपत्रक आलं: प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या आणि बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर काय काय मालमत्ता आहे, ती कशी मिळाली, कोणाकडून मिळाली, हे फॉर्मवर लिहून बंद लिफाफ्यात द्यायचं. मुदत मेअखेर. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघा ताई, एक जरी लिफाफा कमी पडला ना, तर मी पगारबिलावर सही करणार नाही. कोणाच्याच!"

"माझ्या पण?"

"तुमच्यामुळेच तर अडणार ना!"

माझ्या मुलीची कॉलेजची फी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरायची होती. ऑफिसात माणसं सव्वीस, लिफाफे सव्वीस, आणि एक राहिला तर पंचवीस जणांच्या शिव्या खाणारी मी एकटी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

पहिला मासा अडकला तो शहाभाई. आमचे अकाउंटंट. दुसऱ्यांचे हिशोब पैशापर्यंत जुळवणारा माणूस. फॉर्ममध्ये बायकोच्या दागिन्यांचा रकाना बघून सकाळच्या चहाला त्यांनी बायकोला सहज विचारलं, "तुझ्याकडे सोनं किती आहे गं?"

बस! भाभींचा कपातला चहा कपात राहिला. "केम? कोने आपवुं छे?"

कोणाला द्यायचं नाही, सरकारला फक्त सांगायचंय, हे समजावता समजावता शहाभाईंची गाडी चुकली. भाभी म्हणाल्या, "माझ्या बापाने दिलेलं आहे, त्याची नोंद माझ्या बापाकडे. तुम्ही दिलंय तेवढं लिहा."

मग लिहायला बसले. आठवून आठवून बावीस वर्षांत एक कानातल्यांची जोडी निघाली. तीसुद्धा साखरपुड्यातली!

दुसऱ्या दिवशी शहाभाई पडक्या चेहऱ्याने माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं फॉर्म आणला. म्हणाले, "ताई, पतपेढीतून अर्जंट कर्ज किती मिळेल?"

*

त्यांचाच लिफाफा मग आठवड्याने आला. चारी बाजूंनी डिंक, वर लाख, लाखेवर शिक्का. मी हातात घेतला तर हलका! उन्हाकडे धरून बघितला. आत काहीच नाही.

"शहाभाई, रिकामा आहे हा."

"शक्यच नाही!" म्हणाले, आणि ड्रॉवर उघडला. फॉर्म ड्रॉवरमध्येच होता. नीट घडी घातलेला.

मी म्हटलं, फोडा आणि घाला आत. तर माझ्याच हातातून लिफाफा ओढून घेतला. "गोपनीय आहे. साहेबांशिवाय कोणी फोडायचा नाही, असा नियम आहे!"

साहेबांनी रिकामा लिफाफा नियमाप्रमाणे फोडला, नियमाप्रमाणे आत बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना कॅशबुक कोणी दिलंय?"

*

तांडेल आमचे वसुली क्लार्क, धाकट्या डहाणूचे. घरची बोट. तीन भावांत एक. त्यांनी भर ऑफिसात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ताई, बोट स्थावरमध्ये लिहू का जंगममध्ये?"

"जंगम. हलते ना ती!"

"पावसाळ्यात कुठे हलते? वर ओढून ठेवतो. माझ्या आईने तिच्या सावलीत बोंबील निवडायची जागा केलीय. वहिनी दोरी बांधून कपडे वाळत घालते."

"मग स्थावर लिहा."

"असं कसं? नारळी पौर्णिमा झाली की जाते ना दर्यात!"

या बोटीवरून ऑफिसचे दोन पक्ष पडले. जेवणाच्या सुट्टीत भांडणं व्हायला लागली. शेवटी प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब वैतागून म्हणाले, "अर्धी इकडे लिहा, अर्धी तिकडे लिहा, पण मला फॉर्म द्या!"

तांडेल खूप गंभीरपणे म्हणाले, "साहेब, माझा मुळात तिसरा हिस्सा. त्याचं अर्धं करायचं तर इंजिन कोणत्या बाजूला धरू?"

*

असं करत करत पंचवीस लिफाफे जमले. मुदत संपायला दहा दिवस. राहिला एकटा काशिनाथ.

काशिनाथ म्हणजे आमच्या जीपचा ड्रायव्हर, तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरचा. लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून तो सांगणार आणि मी लिहिणार. घर झालं, भाताचा तुकडा झाला.

"आता बायकोच्या नावावर काय ते सांग."

"बायको नाय."

मी पेन खाली ठेवलं. "अरे, मग जानकी कोण? तुझ्या तीन पोरांची आई?"

"ती आहे ना! पण लग्न नाय झालं अजून."

त्यांच्याकडे याचं कोणाला काही वाटत नाही. दोघं एकत्र राहायला लागतात, संसार करतात, आणि जमेल तेव्हा मांडव घालून लग्न लावतात. कधीकधी तर मुलांच्याच मांडवात. काशिनाथचं एकोणीस वर्षं 'पुढच्या वर्षी' चाललं होतं.

"मग अविवाहित लिहू?"

"ताई, तू पण ना! जानकी मारेल मला."

"मग पत्नी लिहिते. संपलं!"

त्याने फॉर्मच्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. मीच त्याला ती वाचून दाखवली होती: वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन. "याच्याखाली माझी सही आहे. खोटं कसं लिहू?"

मला संताप आला. आणि खरं सांगते, लाजही वाटली. मी माझ्या फॉर्ममधून आईच्या बांगड्या गुपचूप गाळल्या होत्या.

*

साहेबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मग कॅलेंडर बघितलं आणि विचारलं, "लग्न लावायला किती दिवस लागतात?"

झालं! अख्खं ऑफिस कामाला लागलं. आयुष्यात कुठली फाइल एवढी पळाली नसेल. तांदूळ शहाभाईंनी आणले, सुकी मासळी तांडेलांनी. मी आणि तांडेल जानकीला विचारायला पाड्यावर गेलो. ती सारवण करत होती. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि काशिनाथकडे वळली.

"एकोणीस वर्षं मी सांगते तर ऐकलं नाय. सरकारने एक कागद पाठवला तर लगेच लग्न?"

काशिनाथ जमिनीकडे बघत उभा. आम्ही दोघं झाडाकडे.

*

लग्न मात्र झालं, आणि काय झालं! भिंतीवर लग्नाचा चौक काढला होता, लग्न लावणारी धवलेरी गात होती, थोरली मुलगी आईच्या केसात फुलं माळत होती. आम्ही ऑफिसवाले टेम्पोने गेलो. जीप असताना टेम्पो का? तर नवरदेव म्हणाला होता, "जीप नको. लॉगबुकात काय लिहू?"

जानकीने मला बाजूला घेतलं. हळदीने पिवळी झालेली, आणि डोळ्यांत पाणी. "ताई, आता माझं नाव येणार ना त्या कागदात?"

मी तिला जवळ घेतलं.

*

मेअखेरचा दिवस. काशिनाथ माझ्यासमोर बसला. पत्नीच्या रकान्यात मी जानकीचं नाव चांगल्या अक्षरात लिहिलं. त्याने दोनदा वाचायला लावलं. मी लिफाफा घेतला, तर म्हणाला, "थांब ताई. समया राहिल्या."

लग्नात साहेबांनी लाल मखमलीच्या पेटीतून चांदीच्या समयांची जोडी दिली होती. सगळ्या पाड्यासमोर, फोटो काढून!

"बरं. कशी मिळाली: भेट. कोणाकडून: साहेबांकडून."

"नाय, साहेबांकडून नको लिहू." त्याने खिशातून एक कार्ड काढलं. "मखमलीच्या खाली हे होतं."

'आदरणीय साहेबांस दिवाळीनिमित्त सप्रेम भेट.' खाली आमच्या नाल्याचं काम करणाऱ्या ठेकेदाराचं नाव, शिक्क्यासकट.

"काशिनाथ, राहू दे रे हे. माझ्या मुलीची फी भरायची आहे!"

"कोणाकडून मिळाली, असंच विचारलंय ना त्यात?"

लिहिलं. कार्ड टाचणीने जोडलं. लिफाफा चिकटवला आणि पगारबिल घेऊन केबिनमध्ये गेले.

"आला? शाब्बास!" साहेब खूश. "आणा, बघू तरी, ज्याच्यासाठी आपण लग्न लावलं तो फॉर्म!"

उभ्यानेच फोडला. वाचता वाचता खाली बसले. कार्ड पुढून वाचलं, मागून बघितलं, परत पुढून वाचलं. मग पगारबिल जवळ ओढलं आणि सगळ्या पानांवर सह्या केल्या. मी बिल उचलून दारापर्यंत पोचले.

"ताई."

"साहेब?"

"माझा लिफाफा गेला का पालघरला?"

"नाही साहेब. काशिनाथसाठी सगळाच गठ्ठा थांबवलाय."

"आणा इकडे," साहेब म्हणाले. "आणि येताना एक कोरा फॉर्म पण आणा."