दिवेलागणीची केरसुणी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी "आजीने धूमकेतू दाखवून शेजारणीला घाबरवलं" असं हसत सांगितलं आणि तुम्हीही हसलात. ती गोष्ट तुमच्याकडे तशीच राहू नये, म्हणून आज लिहायला बसले.

दसरा होऊन गेला होता, भात पिवळं पडलं होतं. टोकावड्याच्या आपल्या अंगणातून सूर्य मावळल्यावर पश्चिमेला धूमकेतू दिसू लागला. डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वाती आणि मध्ये तो, शेपूट वर करून उभा. रोज वहीत एक ओळ लिहायची: वेळ, आकाश कसं, क्षितिजापासून किती मुठी वर, किती वाजता मावळला. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. दुर्बीण धरली की दुसऱ्या हाताने लिहिणं मला जमत नाही, म्हणून वही शेजारणीच्या सुनेकडे असे. ती डोळखांबची, शहापूरच्या शाळेत मी तिला इंग्रजी शिकवलेलं. लग्न होऊन माझ्याच शेजारी आली. तिला सातवा महिना होता.

तिसऱ्या संध्याकाळी तिची सासू कुंपणापाशी आली.

"बाई, पोटुशीला शेपटीचा तारा दाखवता? शिकल्यासवरल्या ना तुमी?"

मला गंमत सुचली. "तारा कसला हो! आभाळातली केरसुणी समजा."

सून हसली. सासू नाही.

"दिवेलागनीला? तीपन उलटी उभी? चल गो घरात."

काय बोलून बसले ते तेव्हा कळलं. तिन्हीसांजेला केर काढला की लक्ष्मी जाते, केरसुणी उलटी उभी ठेवू नये, हे मीही लहानपणी आईकडून ऐकलेलं होतं. भीती घालवायला गेले आणि नेमका तोच शब्द तोंडात आला.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडता बुडता सून मागच्या दारी आली. चेहरा उतरलेला. "बाई, सकाळपासून बाळ हलत नाय."

मी तिच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला तिच्या नवऱ्याने दारात जीप आणून उभी केली होती. सासू मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून उंबऱ्यात बसली होती, वाट अडवून.

"मुरबाडचा रस्ता मावळतीला. त्या शेपटीवाल्याच्या तोंडावर कशी न्यायची? बुडू दे त्याला, मग निघू."

कालची नोंद मला पाठ होती. तो बुडायला अजून दीड तास होता.

मी सांगत सुटले: तो बर्फाचा आणि धुळीचा गोळा आहे, कोट्यवधी किलोमीटर लांब आहे. मुलगा आईकडे बघत होता, आई माझ्याकडे. सुनेचा हात पोटावरून हलत नव्हता.

"बाई, केरसुणी कोन बोललं काल? तुमीच ना?"

"मीच बोलले. मग लक्ष्मीपूजनाला तुम्ही केरसुणीलाच हळदकुंकू वाहता ना? लक्ष्मी समोर उभी आणि आपण दार लावून बसायचं?"

यावर माझा विश्वास नव्हता. पण दुसरं काही उरलं नव्हतं.

सासू उठली, आतून कुंकवाचा करंडा आणला आणि चिमूटभर कुंकू पश्चिमेकडे उडवलं.

"बस गो जीपमधी. बाई, तुमी पन बसा. काय झालं तर उत्तर तुमी द्यायचं."

सगळा रस्ता धूमकेतू समोरच्या काचेत होता. मी सुनेचं मनगट धरून बसले होते. रोज संध्याकाळी माझी वही धरणारा तो हात.

दवाखान्यात नर्सने पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. तिने ते खाली सरकवलं, परत वर आणलं. सासूने माझा दंड घट्ट धरला. मग ठोके ऐकू आले, भरभर, घोडा पळावा तसे. डॉक्टरांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि बजावलं, पुन्हा असं वाटलं तर क्षणभर थांबायचं नाही.

मार्गशीर्षात मुलगी झाली. आता ती कुंपणाखालून सरपटत माझ्याकडे येते आणि पलीकडून हाक येते, "बाई, आली बघा तुमची केरसुणी! सांभाळा!"

धूमकेतू गेला. वही माझ्या कपाटात आहे. त्यात त्या संध्याकाळची ओळ कोरी आहे.