पंख्याखालचं वजन

उमाशंकर शिर्के गेली सव्वीस वर्षं धारच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतोय. तिथल्या नाजूक तराजूवर त्याचा भारी जीव. त्यावर पाण्याचा थेंब पडलेला त्याला खपत नसे. प्राध्यापक असोत की प्राचार्य, तोंडावर माळवी थाटात सांगे, "भिया, पहिले हात पुसा!"

उर्वी तिथे संशोधन करी. धारपासून समुद्र कुठल्या कुठे, पण पोरीला वेड समुद्री शेवाळाचं. शेवाळाच्या अर्कापासून ती प्लास्टिकसारखा, पण मातीत कुजून जाणारा पातळ पापुद्रा करी. खोट एकच, पाणी लागलं की तो भिजल्या पापडासारखा लिबलिबीत होई. म्हणून कॅल्शियमच्या पाण्यात बुडवून ती त्याला बळकट करी, वर मेणाचा हात देई. मग तुकडा तासभर पाण्यात ठेवायचा आणि किती पाणी प्यायला ते वजनावरून ठरवायचं. वजनाचं काम तिने विश्वासाने उमाशंकरवर सोपवलं होतं.

यंदा आकडे असे उतरले की उर्वी नाचलीच. "काका, कमाल हो गई! पाणी पीतच नाही!" देवासच्या शरच्चंद्र सरांच्या हाताखाली तिचं संशोधन चाले. दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिला आणि शेवटी उमाशंकरचे आभार मानले. तो कागद त्याने घरी म्हाताऱ्या माईला दोनदा वाचून दाखवला.

सोमवारी उर्वी नव्या मुलींना शिकवत होती. "तुकडा बाहेर काढला की हलकेच टिपा आणि लगेच वजन करा. वाळू दिलात तर सगळं मोजमाप खोटं."

उमाशंकरने हातातलं फडकं खाली ठेवलं. तराजू भिजू नये म्हणून तो प्रत्येक तुकडा आधी दहा मिनिटं पंख्याखाली ठेवत होता! वर स्वतःच्या हुशारीवर खूश. जन्मभर लोकांना शहाणपण शिकवलं आणि स्वतःच माती खाल्ली. बुधवारी निबंध परिषदेला रवाना झाला, तरी याची दातखीळ बसलेली. लाज अशी वाटे की उर्वीने दिलेला चहा तो तसाच ठेवून उठे.

शुक्रवारी त्याने तिला पंख्याचं सांगितलं. ती रागावली नाही. तिने लगेच सरांना फोन लावला. "सर, निबंध मागे घ्यावा लागेल. वजनं चुकलीत. चूक माझीच, मी नीट पाहिलं नाही."

"हद झाली, उर्वी! पाठवायच्या आधी कळत नव्हतं?" सरांचा चढलेला आवाज उमाशंकरलाही ऐकू आला. पोर मान खाली घालून "जी सर, जी सर" म्हणत राहिली. त्यापेक्षा तिने त्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बेटा, फोन दे इकडे."

तिने नकारार्थी मान हलवली. त्याने तो जवळजवळ ओढूनच घेतला.

"सर, मी उमाशंकर. तुकडे पंख्याखाली मी वाळवले." उर्वीकडे न पाहता तो पुढे म्हणाला, "आणि मला सोमवारीच कळलं होतं, सर. हिला आज सांगितलं."