रेती धुणाऱ्या बाई

तांदूळ धुवावेत तशी रेती धुणारं माणूस मी एकच पाहिलं, आरमोरीच्या आमच्या बाई. वैनगंगेची रेती घमेल्यात घ्यायची, पाणी ओतायचं, गढूळ पाणी फेकायचं, पुन्हा ओतायचं. पाणी नितळ येईपर्यंत तोंडातून शब्द नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या या बाईंनी किडे खाणारी झाडं पाळली होती. पाळली होती हाच शब्द बरोबर.

माझी रोपवाटिका आहे, शून्यातून उभी केलेली. बाई पहिल्यांदा कुंड्या घ्यायला आल्या तेव्हा भावावरून मी आवाज चढवला. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "ओरडून घे भाऊ आधी. मंग खरा भाव सांग." मी सांगितला. माझ्याकडून खरा भाव काढणारं गिऱ्हाईक त्याआधी झालं नव्हतं.

त्यांची झाडं कुरिअरने यायची. माती नाही, कुंडी नाही, ओल्या शेवाळात गुंडाळलेली उघडी मुळं. पहिल्या खेपेला मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, द्या, मी लावतो. मी आईबरोबर लोकांच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धानाची रोवणी करत वाढलेला. अंगठ्यानं रोप चिखलात दाबायचं, हे हाताला शिकवावं लागत नाही. तसंच दाबलं, गळ्यापर्यंत. वर चिमूटभर खत माझ्याकडून फुकट. पंधरा दिवसांत तिन्ही झाडं मधूनच सडली.

"धान रोवलं काय, भाऊ?" बाई म्हणाल्या. "याची मान वर ठेवा लागते. आन् खत काऊन घातलं? हे उपाशी जमिनीतलं झाड हाय. मातीतून खाऊ घातलं का मरते."

मग शिकलो. धुतलेली रेती आणि पिळून घेतलेलं कोकोपीट, काडीनं खोल भोक, त्यात मुळं सरळ सोडायची, बाजूनं हलकेच भरायचं, दाबायचं नाही. एकदा काळी मुळं कापायला मी कात्री उचलली, तर बाईंनी हातावर चापट मारली. "काळं दिसलं का सडलंच समजते तू. याचे मुळंच काळे रायतात." किडा बसला की झाडाचं तोंड मिटायचं; त्यात बोट घालून ते मिटवायला मात्र कोणालाच परवानगी नव्हती, मलाही नाही. "उगाच त्याले दमवू नोको."

बोअरचं क्षाराचं पाणी त्या घरात चालत नसे. छपराचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलेलं असे. मे महिन्यात ड्रम आटले की मी ओळखीच्या दुकानांतून एसीतून गळणारं बिनक्षाराचं पाणी कॅनमध्ये भरून न्यायचो. चार उन्हाळे नेलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग बाई पुण्याला मुलीकडे कायमच्या निघाल्या. झाडं माझ्याकडे येणार, यात मला शंकाच नव्हती. जागा रिकामी करून, हिरवी जाळी बांधून ठेवली होती. गेलो तर ट्रे टेम्पोत चढत होते. धानोऱ्याकडच्या एका शाळेला दिले होते.

"मले काऊन नाई, बाई?"

"तू विकशील."

"विकीनच. दुकान हाय माह्यं."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "पोराईले पाहू दे."

मी भर रस्त्यात नको ते बोललो. म्हणालो, चार वर्षं तुमचं पाणी वाहणारा हमाल सापडला होता तुम्हाला. बाई टेम्पोत ट्रे लावून देत राहिल्या. निरोपही घेतला नाही मी.

पुढच्या जूनमध्ये मुद्दाम त्या शाळेत गेलो. सुट्टीत शिपायानं बिचाऱ्यानं इमानानं रोज पाणी घातलं होतं, हातपंपाचं. कुंड्यांवर क्षाराचा पांढरा थर आणि आत काळे बुडखे. एकही झाड जिवंत नव्हतं. तिथूनच बाईंना फोन लावला. वर्षभर मनात घोळवलेलं सगळं बोलायचं होतं. "मेली सारी," एवढंच बोललो.

बाई म्हणाल्या, "तुह्याकडं असती तं विकली गेली असती, भाऊ. पण जगली असती."

एवढं ऐकायला सगळी झाडं मरावी लागली.