समोरच्या खिडकीतली खुर्ची

हॉलंडमध्ये, नीउ-व्हेनेपच्या पुढे, बटाट्याच्या शेतांमधल्या एका खेड्यात आम्ही राहायला गेलो. पहिल्याच दिवशी मी घर आवरलं, चांगले कप बाहेर काढले आणि शेजाऱ्यांची वाट बघत बसले. पुण्यात आमच्या सोसायटीत टेम्पो रिकामा होण्याआधीच कोणीतरी चहाचा थर्मास घेऊन येतं. पाणी कधी येतं, कामाला बाई कोण चांगली, सगळं सांगून जातं. इथे कोणी फिरकलं नाही. कप पुन्हा कपाटात गेले.

नवरा सकाळी अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या ऑफिसला निघून जायचा. मग उरायचे मी, ओट्यासमोरची खिडकी आणि गल्लीपलीकडच्या घरातल्या आजी. त्या आपल्या खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. इथे पडदे असतात, पण दिवसा ते कोणी ओढत नाही. रस्त्यावरून अख्खा दिवाणखाना दिसतो. आजी मान हलवायच्या, मीही हलवायचे. त्यापुढे गाडी सरकेना.

"अगं, इथे लोक प्रायव्हसी जपतात. तू उगाच मनाला लावून घेतेस," नवरा म्हणायचा.

"प्रायव्हसी कसली? माणूसघाणी आहेत मेली!"

एकटं पडलं की रडू येतं म्हणतात. मला संताप यायचा. नोव्हेंबरातल्या एका दुपारी लक्षात आलं, की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. फणकाऱ्याने मी पडदा ओढून घेतला. हिवाळाभर तो तसाच राहिला.

गावाला मिरवण्यासारखं एकच होतं, जुनी पवनचक्की. तिला आता काम उरलेलं नाही, पण गावातली निवृत्त मंडळी हौसेने तिचं तेलपाणी करतात आणि मे महिन्यात एक दिवस ती सगळ्यांना बघायला उघडी ठेवतात. घरात बसून कंटाळले होते, म्हणून गेले. दाराशी टेबल मांडून आजी कॉफी ओतत होत्या.

"आलीस एकदाची!" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "घर घेतलंत, पण माझी बेल काही वाजवली नाहीत."

"मी? मला वाटलं तुम्ही याल!"

आजी हसल्या आणि मध्येच थांबल्या. मग त्यांनी सांगितलं. इथे नव्याने आलेल्यानेच दारोदार जायचं, ओळख करून द्यायची, कॉफीला बोलवायचं. जो येत नाही त्याला एकटं राहायचं असणार, असं समजून गाव त्याला त्रास देत नाही. त्रास म्हणे! मी कोणीतरी त्रास द्यावा म्हणून तडफडत होते.

मी तिथल्या तिथे त्यांना घरी बोलावलं. त्यांनी पर्समधून डायरी काढली आणि पुढच्या आठवड्यातला गुरुवार दिला.

आजी आल्या, पोहे जपून खाल्ले आणि ओट्यापाशी जाऊन बाहेर बघत राहिल्या. "इथून माझी खुर्ची छान दिसते," त्या म्हणाल्या. "नवरा गेल्यापासून सकाळी मला दिसणारं माणूस म्हणजे तूच. मग तू पडदा ओढलास. मला वाटलं, मी बघते ते तुला आवडत नाही. पण खुर्ची हलवायचं मन होईना."

 त्या नको नको म्हणत असताना मी त्यांना आणखी पोहे वाढले.

त्यानंतर उन्हाळाभर गुरुवार आमचा असायचा. पानगळ सुरू झाली तसं आजींना एकटीने जिने चढणं जमेना. मुलाने त्यांना रॉटरडॅमला, त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेलं. जाताना त्यांनी गाडीतून मान हलवली, रोजच्यासारखी. मला आधीपेक्षा जास्त एकटं वाटायला लागलं, कारण आता कोण नाही ते ठाऊक होतं.

वसंतात त्या घरात एक तरुण जोडपं आलं. त्यांनी पहिल्याच दिवशी पडदे ओढले. गावच्या रीतीने त्यांनी माझ्याकडे यायला हवं होतं. मी शिरा केला, डब्यात भरला आणि गल्ली ओलांडली. बेल वाजवताना सवयीने खिडकीकडे बघून मी मान हलवली.